घरसभेत आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र: तुमचा अनुभव लिहा

सर्वांना सलाम. तरुण संघ, महिला मंडळ, शब्बाथ शाळा अशी आपल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वयाप्रमाणे वाटणी असते. सगळ्या वयांची माणसं एका सतरंजीवर बसतात ती घरसभेतच, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत. तिथं पुढारीपण करताना काय जमलं, काय अडलं, ते लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

पुणे, शास्त्राभ्यास घेणारी

मी तिशीतली आणि गटातले निम्मे लोक निवृत्त. "या वचनाचा अर्थ काय?" असं विचारलं की वडीलधारे बोलत राहायचे आणि कॉलेजची मुलं मान खाली घालून बसायची. मग मी प्रश्नच बदलला: "हे तुमच्या घरात कधी घडलंय?"

बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 17वा अध्याय चालू होता. दुष्काळातली सारफथ गावची विधवा, मडक्यातलं मूठभर पीठ. एक काका 1972च्या दुष्काळावर बोलू लागले. आईबरोबर खडी फोडायला जायचे, मिळेल ती सुकडी खायचे, आणि तरीही आई जेवणाआधी प्रार्थना करायची. "तेव्हा मला तिचा राग यायचा," काका म्हणाले. एवढी वर्षं गटात असून हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यावर नोकरी गेलेली एक मुलगी म्हणाली, "काका, मला सध्या तसाच राग येतो." त्या दिवशी पुढचा अभ्यास मी घेतलाच नाही. दोघांसाठी प्रार्थना केली. राग आला तरी देवाच्या घरात बसता येतं, हे तिला माझ्याकडून कधीच पटलं नसतं.

अहिल्यानगर, गुरुवारची घरसभा

आमच्याकडे वाद गाण्यांवरून. मुलांना गिटार हवी, म्हाताऱ्यांना पेटी आणि टाळ. एक गाणं तुमचं, एक आमचं, असं करून पाहिलं, पण एकाचं चालू असताना दुसरा गप्पच. शेवटी रेव्ह. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं मुलांनी आजींकडून शिकायची, असं ठरवलं. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात शब्द मिळतात, चाल मात्र गळ्यातून गळ्यात येते. आजी मांडीवर बोटांनी ठेका धरतात आणि पोरगं घाईत पुढं गेलं की हात वर करतात, "थांब. इथं श्वास घे, मग नाव घे प्रभूचं." मुलांनी त्यांचा आवाज फोनवर घेऊन ठेवलाय. आता गिटारवालाच ढोलकीला बसतो.

वसई

आम्ही कॅथलिक. ऑक्टोबरात घरोघरी जपमाळ होते. एकेक दशक (जपमाळेतला दहा मण्यांचा भाग) मुलांनी चालवायचं, उत्तर मोठ्यांनी द्यायचं. चुकलं तर कुणी मध्येच टोकायचं नाही, एवढा एकच नियम.

नाशिक, महिलांमध्ये सेवा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळं एकत्र नको. सासूसमोर सून प्रार्थनेचा खरा विषय सांगत नाही, बापासमोर मुलगा सांगत नाही. मग सगळेच "प्रकृतीसाठी, परीक्षेसाठी" म्हणून मोकळे होतात. आम्ही गीत आणि वचन एकत्र घेतो, प्रार्थनेला मात्र दोघी-तिघी वेगळ्या बसतो. घरातल्याच दोघी एका ठिकाणी नाहीत, हे मी आधीच बघते. तिथं ऐकलेलं चहाला बाहेर आलं तर तो गट संपलाच समजा; एकदा विश्वास गेला की ती सून परत येत नाही.

सोलापूर, वय 78

तरुण पुढाऱ्यांना एक विनंती. सभा दुसऱ्या मजल्यावर ठेवू नका. वचनं फोनवर पाठवता तशी मोठ्या अक्षरांत कागदावरही द्या. आम्हाला दरवेळी फक्त शेवटच्या आशीर्वादासाठी उठवता, तेही नको. बायबलमधल्या तरुण तीमथ्याला विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाला, हे सगळे सांगतात. पण आम्हालाही अजून शिकायचंय. माझा नातू बायबलमधल्या रोमकरांस पत्रातले असे प्रश्न विचारतो की मला रात्री पुन्हा शास्त्र उघडावं लागतं. असे प्रश्न सभेत मलाही विचारा, आणि उत्तराला जरा वेळ द्या.