प्रतिसाद: तुरुंग हा आरोग्याचाच प्रश्न आहे

खासगी फाउंडेशनांनी दवाखान्यांना पैसा द्यावा, तुरुंगसुधारणेत पडू नये, असं एक मत मांडलं गेलंय; ते मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला २००७ चा अभ्यास बघा. तुरुंगातून सुटल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत कैद्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट, आणि सर्वाधिक बळी अमली पदार्थांच्या ओव्हरडोसचे! तुरुंगात असताना मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा) खर्च जवळजवळ बंदच असतो; उपचाराची साखळी तिथेच तुटते.

कलासंग्राहक ॲग्नेस गुंड यांनी २०१७ मध्ये अमेरिकी चित्रकार लिक्टेनस्टाइनचं चित्र विकून १० कोटी डॉलर ‘आर्ट फॉर जस्टिस’ या तुरुंगसुधारणेच्या निधीला दिले. मोठंच काम. पण तो निधी ठरावीक मुदतीचाच होता, २०२३ मध्ये संपला. सुटलेल्या माणसाला इन्सुलिन, निवारा, डॉक्टर मिळवून देणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार मात्र दर महिन्याला लागतो. अनुदान त्यासाठी द्या, आणि दीर्घ मुदतीचं द्या.