जानेवारी १९४८ चं उपोषण, याला इमोशनल ब्लॅकमेल म्हणायचं की नाही?

खारीबिस्कीट:
लहानपणी आम्ही दोघं भाऊ भांडायला लागलो की आई म्हणायची भांडा खुशाल, मी आज जेवत नाही, आणि खरंच ताट बाजूला सारून बसायची. दहा मिनिटांत आम्ही गप्प, वर तिला हाताला धरून पानावर आणायचो. पण भांडण कुठे मिटायचं, कॅरमचा स्ट्रायकर कुणाचा हे आजतागायत ठरलेलं नाहीये. काल गांधींच्या शेवटच्या उपोषणाबद्दल वाचताना हेच आठवलं. वय ७८, दिल्लीतली हिंदू-मुसलमान हिंसा थांबावी म्हणून १३ जानेवारीला तिथल्या बिर्ला हाऊसमध्ये बसले, १८ ला सगळ्या गटांच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिली तेव्हा सोडलं. आता यात पटवून काय दिलं? 'नाहीतर मी मरतो', बास. आज कुठला नेता असा बसला तर आपण नौटंकी म्हणतो, मग यांनाच सूट का?

अर्धाकटिंग:
आईचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय साहेब. शेजारच्या काकूंनी ताट सारलं असतं तर तुम्ही भांडत भांडत त्यांची पोळीपण खाल्ली असती. जीव लावलेला असेल तरच हे चालतं. बिर्ला हाऊसबाहेर निर्वासित 'मरू द्या गांधीला' म्हणून ओरडत होते, नेहरू गाडीतून उतरून त्यांच्या अंगावर धावून गेले, म्हणजे त्या लोकांवर काडीचा परिणाम नव्हता. आणि नुसतं रडगाणं नव्हतं हो ते, हमीपत्र वाचा की. मेहरौलीच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षीसारखा होऊ द्यायचा, सब्जीमंडी, करोलबाग, पहाडगंजात मुसलमानांना बिनघोर फिरता आलं पाहिजे, त्यांच्यावरचा बहिष्कार उठवायचा, बळकावलेल्या मशिदी परत द्यायच्या. २७ जानेवारीला ते स्वतः उरसाला जाऊन आले. 'शांतता राखा, बंधुभाव जपा' असलं गुळमुळीत आवाहन कुणीही करतं, इथे गल्लीचं नाव घेऊन मागितलंय.

बोरघाट:
मशिदी परत द्यायच्या, बरोबर. पण आत राहत कोण होतं? पश्चिम पंजाबातून घरदार सोडून, माणसं गमावून आलेली कुटुंबं. जानेवारीतली दिल्लीची थंडी, पोराबाळांना घेऊन बाहेर पडा म्हणे, का तर म्हातारा जेवत नाहीये. शांतता सगळ्यांना आणि बिल यांच्या नावावर! त्यात १५ जानेवारीला सरकारने पैसे अडवून धरायचा आधीचा निर्णय फिरवून पाकिस्तानला ५५ कोटी द्यायचं ठरवलं ते वेगळंच.

अर्धाकटिंग:
५५ कोटी आलेच का, वाटच बघत होतो :) वाटणीत ७५ कोटी कबूल केले होते, २० दिले होते, हे उरलेले. हमीपत्राच्या सात कलमांत पैशाचं नावसुद्धा नाही. थंडीबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही, खरं सांगतो.

निळीशाई:
दिल्ली दिल्ली काय चाललंय, येरवडा विसरलात का सगळे? दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध २० सप्टेंबर १९३२ ला तिथल्या तुरुंगात गांधींचं उपोषण सुरू, २४ ला पुणे करार. दलितांच्या राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या हे मान्य, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले ते गेलेच. समजा गांधी गेले असते तर राग कुणावर निघाला असता? गावोगावच्या दलित वस्त्यांवर. बाबासाहेबांसमोर सहीचा कागद होता पण मागे ती वस्ती उभी होती. माझ्या लेखी कसोटी एवढीच, उपाशी मेलात तर मार कोण खाणार. दिल्लीत ज्यांच्यासाठी बसले ते आधीच मार खात होते. येरवड्यात ज्यांच्या मागणीविरुद्ध बसले तेच दुबळे होते. हत्यार एकच, टोक फिरलेलं.

बोरघाट:
ही कसोटी लावली तर कलकत्ता पास होतं, मान्य. सप्टेंबर ४७, दंगलीविरुद्ध गांधी तिथे उपोषणाला बसले आणि चार दिवसांत गुंडांनी हत्यारं आणून पुढ्यात ठेवली. तरी मला आपला शरद पवारांचा मार्ग बरा वाटतो. १२ मार्च १९९३, मुंबईत साखळी स्फोट, मुख्यमंत्री असलेल्या यांनी दूरदर्शनवर न झालेला एक स्फोट वाढवून सांगितला, आणि तो मस्जिद बंदरला, मुसलमान वस्तीत. म्हणजे फक्त हिंदू वस्त्याच टार्गेट झाल्या असं कुणाला वाटू नये. नंतर स्वतःच कबूलपण केलं. ना रडारड ना उपास.

निळीशाई:
आणि थाप पकडली गेली असती तर दुसऱ्या दिवशी सरकारवर विश्वास कुणी ठेवला असता? उपोषण निदान उघड्यावर असतं, डॉक्टर तपासून रोज सांगत होते वजन किती, लघवीत काय.

खारीबिस्कीट:
एवढं सगळं वाचून मघाशी आईला फोन केला. विचारलं तुला तेव्हा भूक नाही का लागायची गं. म्हणाली, वेडा आहेस का, तुमचं भांडण सुरू व्हायच्या आत माझ्या दोन पोळ्या ओट्यापाशी उभ्याउभ्या खाऊन झालेल्या असायच्या.

बोरघाट:
काकू पवार गटातल्या निघाल्या.