मदत हवी आहे: समुद्रकाठचे छोटे मत्स्यालय पाहायला जावे का?

नमस्कार,

पुढच्या महिन्यात आम्ही चौघे चार दिवसांसाठी समुद्रकाठी जाणार आहोत: मी, पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील. आम्ही जिथे उतरणार आहोत तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर एक छोटे मत्स्यालय आहे. दोन दालने आणि पंधरा-वीस टाक्या, एवढाच त्याचा पसारा असल्याचे कळते. तिसऱ्या दिवसाची दुपार मोकळी आहे आणि ती तिथे घालवावी की नाही, यावर घरात एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मी साशंक आहे, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी एका सहलीत आम्ही असेच एक छोटे मत्स्यालय पाहिले होते. निम्म्या टाक्यांतले दिवे बंद होते, काचांवर आतून शेवाळाचा थर धरला होता, आणि पाटीवर ज्याचे नाव होते तो मासा बऱ्याच टाक्यांत नव्हताच. शेवटच्या टाकीत एक कासव होते. ते एका कोपऱ्यात काचेला नाक घासत वर जायचे, श्वास घ्यायचे, खाली यायचे आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात नाक घासू लागायचे. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिने विचारले, "त्याला दार सापडत नाहीये का?" मला उत्तर देता आले नाही, आणि बाकीची संध्याकाळ ती गप्पच होती.

या वेळच्या मत्स्यालयाबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचून गोंधळ वाढलाच. एकाला तिथे दोन तास पुरले नाहीत, तर दुसऱ्याचे सगळे दहा मिनिटांत आटोपले. छायाचित्रांवरूनही काही ठरवता येत नाही, कारण जो तो त्याच एका नारिंगी माशाचे छायाचित्र टाकतो. तिथे प्रत्यक्ष जाण्यापूर्वी ते मत्स्यालय नीट राखलेले आहे की नाही, हे ओळखण्याचा काही मार्ग आहे का? वडिलांना गुडघ्यामुळे फार वेळ उभे राहता येत नाही, हेही ध्यानात घेऊन जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

मी घरी बारा वर्षे खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळली आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आपण वाचलेले दोन्ही अभिप्राय खरे असू शकतात. छोटे मत्स्यालय चालत चालत पाहिले तर दहा मिनिटांत संपतेच. तिथे टाक्या मोजायच्या नसतात, एखादी टाकी निवडून तिच्यासमोर थांबायचे असते. समुद्रघोड्यांची टाकी असेल तर पहिली पाच मिनिटे शेपटीने गवताला धरून बसलेल्या चार काटक्याच दिसतील. मग त्यांतली एक काटकी डोळा फिरवते, एक डोळा पुढे आणि दुसरा मागे, आणि समोरून तरंगत जाणारा झिंग्याएवढाही नसलेला जीव नळीसारख्या तोंडाने खटकन ओढून घेते. समुद्रघोड्याला जठर नसते, त्यामुळे त्याला दिवसातून अनेकदा खायला द्यावे लागते. म्हणूनच समुद्रघोडे धडधाकट दिसले, तर तिथे कोणीतरी मन लावून काम करत आहे असे खुशाल समजावे. (पिल्लांची अंडी नर आपल्या पिशवीत वाढवतो, हे मुलीला अवश्य सांगा. माझ्या मुलाने त्यावर मला आठवडाभर प्रश्न विचारले होते.)

राखणी ओळखण्याचा माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. गाळणीतले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि साठलेले नायट्रेट घालवण्यासाठी पाणी बदलत राहावे लागते. ही साखळी बिघडली की मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, त्यांचे पंख आखडतात, ते एका कोपऱ्यात गोळा होतात. काचेवरच्या थोड्याशा शेवाळाला मी दोष देणार नाही, ते चांगल्या टाकीतही धरते. पण मासा एकाच वाटेने फेऱ्या घालत असेल किंवा आपण पाहिलेल्या कासवासारखा काचेला घासत असेल, तर जागा अपुरी आहे असे मी धरतो. याच्या उलट, वाम माशाने सारखा जबडा उघडमिट केला तर घाबरू नये. तो चिडलेला नसतो, कल्ल्यांवरून पाणी खेळवण्याची त्याची ती रीतच आहे.

समुद्रकाठच्या मत्स्यालयाला एक मोठी सोय असते. शहरातल्या मत्स्यालयाला लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार मिसळून समुद्र तयार करावा लागतो, तर इथे समुद्राचेच पाणी पंपाने उचलून, गाळून वापरता येते. म्हणून तिथल्याच समुद्रातले जीव ठेवणारे छोटे मत्स्यालय मला नेहमी जास्त विश्वासाचे वाटते. नेपल्सच्या संशोधन केंद्रातले मत्स्यालय १८७४ साली लोकांसाठी खुले झाले. ते आजही लहानच आहे आणि तिथे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातलेच जीव पाहायला मिळतात. आपण जाणार आहात तिथे शार्क आणि डॉल्फिनची मोठमोठी चित्रे बाहेर लावली असतील आणि आत टाक्या पंधराच असतील, तर मात्र मी सावध राहीन.

सरळ फोन करून विचारा: खाणे किती वाजता घालतात, आणि सध्या कोणत्या टाकीत काय आहे. टाक्यांजवळ रोज वावरणारा माणूस फोनवर आला, तर त्याच्या उत्तरातच सगळे कळेल.

प्रतिसाद २

माझे मत वेगळे आहे. किनारा खडकाळ असेल तर मत्स्यालयाचा विचार सोडून द्यावा आणि ओहोटीला खडकांतली डबकी पाहावीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा ओहोटीही दूरवर जाते आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. वेळ मात्र रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून जावे आणि पाणी फिरले की लगेच परतावे. रिकाम्या शंखात शिरून चालणारा खेकडा पोरीच्या तळहाताएवढ्या डबक्यात सापडतो, त्यासाठी काच कशाला हवी?

प्रतिसाद ३

वरील सूचना उत्तम आहे, परंतु शेवाळलेल्या खडकांवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना नेण्याचे धाडस कृपया करू नये. मी माझ्या सासूबाईंना अशाच एका मत्स्यालयात नेले होते. आत बराच अंधार होता, त्यामुळे उन्हातून आल्यावर दाराशीच दोन मिनिटे थांबून डोळे सरावू द्यावेत, हे तेव्हा ध्यानात आले. टाक्यांभोवतीची फरशी ओली असते. बसायला बाक आहेत का आणि शाळेच्या सहली कोणत्या वेळी येतात, हे फोनवरच विचारून घ्यावे. सहल आत असली की काचेपर्यंत पोहोचणेही कठीण होते.

जीवांना हात लावू देणारी उथळ टाकी असेल, तर मुलीच्या हातावर उन्हाचे मलम राहू देऊ नका आणि तारामासा पाण्याबाहेर उचलू देऊ नका. त्याचा श्वास त्वचेवरच्या नाजूक उंचवट्यांतून आणि नळीसारख्या पायांतून चालतो, तो पाण्याबाहेर काढला की गुदमरतो. तिथला कर्मचारी शेजारी उभा राहून हे सांगत नसेल, तर त्या टाकीकडे न गेलेलेच बरे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल फोन केला होता. पलीकडच्या गृहस्थांनी आधी "जरा थांबा, हात ओले आहेत" असे म्हटले, आणि तिथेच माझी निम्मी शंका फिटली. दुपारी चार वाजता खाणे घालतात. हात लावण्याची टाकी त्यांनी गेल्या वर्षी बंद केली, कारण लोक ऐकत नाहीत. कासव नाही, एवढ्या जागेत ते ठेवणे त्यांना पटत नाही. ऑक्टोपस आहे, पण तो दिवसा मडक्यात बसून असतो आणि बहुतेकांना दिसत नाही, हे त्यांनी मी न विचारताच सांगून टाकले.

तेव्हा आम्ही जायचे ठरवले आहे. ओहोटीची वेळ त्या दिवशी सकाळची आहे, म्हणून मुलीला घेऊन मी आधी खडकांवर जाईन आणि चारच्या सुमारास वडिलांना घेऊन मत्स्यालयात. बाकांविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले की आत एकच बाक आहे, आणि तो मडक्याच्या टाकीसमोर आहे. वडिलांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तो बाहेर येईपर्यंत मी बसतो, तुम्ही बाकीचे बघून या."