सिंकमध्ये प्लॅस्टिकचा टब: हवा की अडगळ?

ओट्याकाठी
सिंक २४ बाय १८ चं, आठ इंच खोल. त्यात १६ बाय १२ चा, पाच इंच उंचीचा टब ठेवून भांडी त्यातच घासावीत, असं माझं मत. नळाखाली दहा लिटरची बादली ठेवून घड्याळ बघा. ७५ सेकंदांत भरली तर मिनिटाला ८ लिटर. चौघांच्या रात्रीच्या भांड्यांना नळ १२ मिनिटं चालू राहिला की ९६ लिटर गेलं. टब अर्धा भरायला साडेसात लिटर पुरतं. शिवाय सिंकला चरे पडत नाहीत, काचेचा पेला हातातून निसटला तरी वाचतो.

बॉटलट्रॅप
बारा मिनिटं नळ सताड सोडून घासतं कोण? सगळी भांडी नळ बंद ठेवून घासायची आणि मग अर्ध्या नळाखाली एकदम विसळायची. मिनिटाला ४ लिटर, सहा मिनिटं, म्हणजे २४ लिटर. आता टबाचं मांडा: साबणाचं पाणी साडेसात, ते ओशट झाल्यावर बदललेलं साडेसात, वर विसळायची दोन पाणी पंधरा. झालं तीस! तुमची बचत नळ सोडून ठेवणाऱ्याशी तुलना केली तरच दिसते.

आणि टब नेमका सिंकच्या भोकावरच्या जाळीवर बसतो. बाजूला सांडलेलं पाणी तुंबतं, खरकटं टबाखाली सरकतं. सकाळी टब उचला, खाली बुळबुळीत थर आणि झुरळांची पंगत.

निथळणी
दोघांचेही आकडे बरोबर, पण टबात काय घालता ते कोणी बोललंच नाही. कढई आणि तेलाची पळी टबात गेली की खेळ संपला. तेल साबणाला पुरून उरतं आणि नंतरच्या प्रत्येक ताटावर बसतं. आधी खरकटं ओल्या कचऱ्यात, तेल जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायचं. मग क्रम: पेले, कपबशा, वाट्या, ताटं, शेवटी पातेली. कढई टबाबाहेरच. पाच लिटरला एक चहाचा चमचा लिक्विड बास, जास्त घातलं तर विसळायला दुप्पट पाणी लागतं.

सुरी आणि मिक्सरचं पातं फेसाच्या पाण्यात कधीही सोडू नये. दिसत नाही, आणि हात थेट त्यावरच जातो.

टेम्सकाठ
इकडे ब्रिटनमध्ये सिंकमध्ये असा टब ठेवायची जुनी पद्धत आहे. सिंक चिनीमातीचं, त्यावर बशी आपटली की टवका उडायचा. गरम आणि गार पाण्याचे नळ वेगळे, त्यामुळे कोमट पाणी करायला भांडं लागायचंच. कारणं बरीचशी गेली, टब राहिला. बरेच जण फेसासकट भांडी रॅकवर निथळत ठेवतात, तेवढं मात्र उचलू नका.

बॉटलट्रॅप
म्हणजे तिथेही गरज संपून सवय उरली! स्टीलच्या सिंकला कसला टवका?

ओट्याकाठी
सवय म्हणाल तर आपलीही जुनीच आहे. मोरीत बसून घासताना काय असायचं? एक घमेलं पहिल्या पाण्याचं, एक दुसऱ्या पाण्याचं. वाहता नळ ही तर नंतरची चैन. ज्या सोसायटीत पाणी दिवसातून एक तास येतं किंवा टँकरवर भागतं, तिथे विसळलेलं दुसरं पाणी टबात धरून संडासात ओतता येतं. ते नळाखालून थेट गटारात जातं, त्याचं काय?

निथळणी
हा मुद्दा मान्य. फक्त ते पाणी त्याच दिवशी वापरा, रात्रभर ठेवलं की वास मारतं.

आटेवाला
पाणीच वाचवायचं असेल तर आधी नळाला एअरेटर लावा, म्हणजे धारेत हवा मिसळून कमी पाण्यात भागवणारी तोंडावरची जाळी. नळाच्या तोंडाचे आटे आत आहेत की बाहेर ते बघा. बाहेर असतील तर बहुधा २२ मिमी, आत असतील तर २४. मिनिटाला ३ लिटरचा घेतला तरी विसळायला धार पुरते. बोअरचं पाणी असेल तर जाळीत क्षार बसून धार वाकडी होते. अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशने घासा. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर मात्र दाब आधीच कमी असतो, तिथे एअरेटरने धार आणखी मरते. तिथे टबच बरा.

टब घ्यायचा तर तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. उकळत्या पाण्याने मऊ पडत नाही. वास येणारा काळपट टब भंगाराच्या प्लॅस्टिकचा असू शकतो, तो नको. खाली एक इंच उंचीची स्टीलची जाळी ठेवा, म्हणजे सिंकचं भोक उघडं राहतं. आठवड्यातून एकदा एक लिटर पाण्यात ५ मिली साधं ब्लीच, दहा मिनिटं, मग खळखळून धुवायचं. त्यात लिंबू किंवा ॲसिडचा क्लीनर मिसळायचा नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. हळदीने पिवळा पडला तर उन्हात ठेवा, डाग आपोआप उडतो.

बॉटलट्रॅप
जाळी ठेवली तर आठ इंचांच्या सिंकमध्ये सहा इंच जाळी आणि टबातच जातात. नळ खाली आलेला असेल तर कुकर कुठून आत घालणार? आणि भरलेला टब एकदम उलटा केला की सगळं पाणी जोरात जाताना ट्रॅपमधलं, म्हणजे सिंकखालच्या नळीत वास अडवायला थांबलेलं पाणीही ओढून नेतं. मग ड्रेनेजचा वास घरात.

आटेवाला
ओतायचाच तर कडेने, सावकाश. नंतर पाच सेकंद नळ सोडला की ट्रॅप परत भरतो.

निथळणी
आणि घासायला येणाऱ्या ताईंना विचारलंय का कोणी? साडेसात किलोचं पाणी रोज तीन-चार वेळा उचलून त्यांनीच ओतायचं असतं.