अँडरसन, ब्रॉड की ट्रूमन?

कव्हरड्राइव्ह: इंग्लंडचा सर्वोत्तम वेगवान गोलंदाज कोण? ७०४ कसोटी बळी म्हणून जेम्स अँडरसनचं नाव सगळे आधी घेतात. पण सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा) बघा: अँडरसन २६.४५, स्टुअर्ट ब्रॉड २७.६८ आणि फ्रेड ट्रूमन २१.५७ (६७ कसोट्या, ३०७ बळी). मग ट्रूमनच सरस का?

शिवण_उभी: नुसत्या सरासरीवर जाऊ नका. ट्रूमनच्या काळात खेळपट्ट्या उघड्या असत, पाऊस पडला की चेंडू मनाला येईल तसा उसळायचा. शिवाय ६७ पैकी ४७ कसोट्या घरच्याच. तरी वेग खरा होता. १९५२ला हेडिंग्लेत आपले, म्हणजे भारताचे, ४ बाद ० झाले, त्यातले तीन त्याचे. माधव मंत्री आणि विजय मांजरेकर दोघेही शून्यावर. पुढे ओल्ड ट्रॅफर्डला ३१ धावांत ८.

रिव्हर्सवाला: अँडरसनचं मोल मनगटात आहे. आउटस्विंगला (हवेत बाहेर वळणाऱ्या चेंडूला) शिवण पहिल्या स्लिपकडे, चकचकीत बाजू लेगकडे. इनस्विंगला उलट, पण हाताची फेक जवळपास तीच, त्यामुळे फलंदाजाला उशिरा कळतं. मनगट जरा कलंडलं की शिवण डगमगते आणि स्विंग मरतो. ही डगमग त्याने नंतर मुद्दाम वापरली: बोटं थोडी फाकवून सोडलेला चेंडू टप्प्यावर कुठे वळेल हे त्यालाही ठाऊक नसतं, मग फलंदाजाला कुठून?

डावखुरा_११: ब्रॉडला कमी लेखताय राव. २०१९च्या ॲशेसमध्ये (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेत) राउंड द विकेट, म्हणजे यष्टीच्या दुसऱ्या बाजूने, येऊन त्याने ऑस्ट्रेलियाच्या डावखुऱ्या वॉर्नरला सात वेळा बाद केलं. चेंडू कोनातून आत येतो, टप्पा पडल्यावर सरळ राहतो किंवा बाहेर जातो. सोडला तर यष्टी, खेळला तर स्लिप. टप्पा आखूड पडला की मात्र वॉर्नर कट मारून मोकळा. २०१५ला ट्रेंट ब्रिजवर १५ धावांत ८, ऑस्ट्रेलिया ६० सर्वबाद, तेही जेवणाआधी.

कव्हरड्राइव्ह: आणि ऑस्ट्रेलियात?

शिवण_उभी: तिथे चित्र पालटतं. इंग्लंडमधल्या ड्यूक्स चेंडूची शिवण हाताने घातलेली, उंच, बराच वेळ टिकते. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुरा चेंडूची लवकर बसते, वीसेक षटकांनंतर नुसता स्विंगवाला उपाशी. अँडरसनची परदेशातली सरासरी तिशीला टेकते ती उगाच नाही. २०१०-११ला त्याने तिथे २४ घेतले, पण स्विंगपेक्षा अचूकतेवर. तिथे मला इंग्लंडचाच जॉन स्नो हवा: १९७०-७१ला ३१ बळी, छातीपर्यंत उसळणारा चेंडू. लॉर्ड्सवर ढग असतील तर अँडरसन, दुसरं नाव नकोच.