शब्दचर्चा : कडेलोट, तोफेच्या तोंडी, खत्तलरात्र

पेठकरी : ‘पूर्वी असलं काही नव्हतं, आता माणसाच्या जिवाला किंमतच राहिली नाही’ हे वाक्य कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत चहाच्या गाड्यावर रोज ऐकायला मिळतं. पेपरात मर्डरची बातमी असली की दोनदा. माझं म्हणणं, आपली जीभच याच्या विरुद्ध साक्ष देते. सहनशक्तीचा ‘कडेलोट’ झाला म्हणतो आपण. कडेलोट म्हणजे माणसाला गडाच्या कड्यावरून खाली ढकलायची शिक्षा. रायगडच्या टकमक टोकावर आता लोक सेल्फी काढतात. ‘सुळावरची पोळी’ म्हणतो, पण सुळावर द्यायचं म्हणजे नेमकं काय करत, हे जेवताना सांगण्यासारखं नाही. पूजेला ‘चौरंग’ मांडतो. जुन्या मराठीत एखाद्याचा चौरंग करणे म्हणजे त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय तोडणे. ज्या काळानं हे शब्द दिले तो आपल्यापेक्षा मवाळ होता, हे मला पटत नाही. आणखी सुचवा.

जुना बुधवार : ‘तोफेच्या तोंडी देणे’ राहिलं की मर्दा! आमच्या ऑफिसात आठवड्याला एकदा तरी कुणीतरी म्हणतंच, ‘साहेब चिडल्यात आणि मला दिलाईसा तोफेच्या तोंडी.’ हे कोल्हापुरात खरोखर घडलंय. 31 जुलै 1857 च्या रात्री इथल्या इंग्रजांच्या 27 व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीतले (देशी पायदळातले) शिपाई उठले. उठाव मोडला, कोर्टमार्शल झालं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, आणि काहींना तोफेला बांधून बत्ती दिली. तीही बाकीच्या पलटणीला समोर उभं करून, बघायला लावून. ही शिक्षा इंग्रजांनी शोधलेली नव्हे. मोगलांकडं होती, मराठ्यांकडंही होती. लोकांसमोर माणूस मारणं हे सरकारचं उघड काम होतं, ते लपवायची गरज कुणालाच वाटत नव्हती.

आक्का (राजारामपुरी) : ‘मुलूखगिरी’ घ्या. पूर्वी फौज घेऊन दुसऱ्याच्या मुलखात शिरायचं आणि खंडणी वसूल करून आणायची, ती मुलूखगिरी. आता निवृत्त मंडळी टूरवर निघाली की मुलूखगिरी. ‘स्वारी’चंही तसंच, ‘आमची स्वारी अजून आली नाही’ असं माझी सासू सासऱ्यांबद्दल म्हणायची. आणि दसरा चौकात आपण काय करतो? सीमोल्लंघन करून सोनं ‘लुटतो’. पावसाळा संपला, नद्या उतरल्या, की फौजा मोहिमेवर निघायच्या. त्याची ही आठवण. आपट्याचं पान देऊन गळाभेट घेताना लूट हा शब्द कुणाला खटकत नाही.

बाबूजमालजवळचा : मोहरमातली खत्तलरात्र, म्हणजे कत्तलीची रात्र, विसरू नका. करबलाला इमाम हुसेन मारले गेले, ती कत्तल इसवी सन 680 ची. ‘कत्तल की रात’ आता मतदानाच्या आदल्या रात्रीला म्हणतात. पाकिटं फिरतात, एवढाच काय तो रक्तपात.

शंकेखोर : सगळं मजेदार आहे, पण पेठकरींचा निष्कर्ष यातनं निघत नाही. शब्द बोथट होणं ही भाषेची नेहमीची चाल. आजही आपण म्हणतोच, पत्रकार परिषदेत बॉम्ब टाकला, शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघानं समोरच्या संघाचा धुव्वा उडवला. म्हणून काय आजचा काळ जास्त हिंसक ठरतो? शब्दांवरनं एवढंच कळतं, की लोकांना ती गोष्ट माहीत होती. किती वेळा घडत होती ते कळत नाही. शिवाय दुसऱ्या महायुद्धात सहा कोटींहून जास्त माणसं मेली. 1994 मध्ये रवांडात सुमारे 100 दिवसांत लाखो माणसं मारली, तिथं तर बरंचसं काम कोयत्यांवरच झालं. त्याला कुठली जुनी म्हण पुरी पडणार?

पेठकरी : आकड्यांचं बोलायचं तर बोलू. इंग्लंडात जुन्या कोर्टाच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा, की तेराव्या-चौदाव्या शतकात वर्षाला लाख माणसांमागे 20 च्या आसपास खून व्हायचे. आज तिथं साधारण 1. आपल्याकडं एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) 2022 च्या नोंदीत 28,522 खून आहेत, म्हणजे लाखामागे 2.1. नव्वदीच्या सुरुवातीला हाच दर 4 च्या वर होता. म्हणजे गाड्यावरचे काका जो ‘पूर्वीचा’ काळ सांगतात, त्यांच्या जवानीतला, तो आजच्या दुप्पट खुनांचा होता. महायुद्धाचा मुद्दा मान्य. पण ते आकडे आपल्याला ठाऊक तरी आहेत. पानिपतानंतरचा निरोप आठवा : दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. साधा शिपाई, बाजारबुणगे, यात्रेकरू बायका हे सगळे ‘खुर्दा’. सुट्टे पैसे! ज्या काळात मेलेल्या माणसाला हा शब्द चालत होता, त्या काळाचा हिशोब आज मांडायचा कसा?

आक्का (राजारामपुरी) : खुर्द्यावर आलात ते बरं झालं. कारण घरातली मारझोडही खुर्द्यातच जमा होती. ‘हात उचलला’, ‘चोप दिला’, ‘वळण लावलं’, ‘दोन ठेवून दिल्या’ यातल्या एकालाही माझ्या आईच्या पिढीत कुणी हिंसा म्हटलं नसतं. हिंसा म्हणजे बोकड कापणं, नाहीतर गांधीजींच्या भाषणातला शब्द. 1919 साली शाहू महाराजांनी बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, तो संस्थानापुरता. देशभर ‘कौटुंबिक हिंसाचार’ हा शब्द कायद्यात यायला 2005 उजाडलं. तेव्हापासून पेपरात हिंसाचार वाढलेला दिसतो, आणि दिसणारच. शाळेतल्या छडीचंही तेच; 2009 च्या कायद्यानं ती बंद झाली, आमचे मास्तर आज असते तर आत असते. माझ्या मते जग जास्त हिंसक झालेलं नाही, आपण जास्त गोष्टींना हिंसा म्हणायला लागलो. आणि ते उशिरा का होईना, बरंच झालं.

शंकेखोर : आक्का, घरापुरतं मान्य. युद्धाबद्दल नाही. सरकारनं तोफ लपवली म्हणून ती गेली असं होत नाही. आता ड्रोन चालवणारा माणूस हजार मैलांवर बसतो, आणि बातमीत शब्द येतो ‘कारवाई’. पूर्वी ‘कत्तल’ला कत्तल म्हणायचे तरी.

पेठकरी : हे मात्र लागलं. ‘चकमक’ही त्यातलीच. आधी ठिणगी पाडायची गारगोटी, मग दोन टोळ्यांची झटापट, आता पोलिसांच्या प्रेसनोटमधला शब्द.

वकीलभाऊ : एक दुरुस्ती सगळ्यांसाठी. इथं अजून ‘तीनशे दोन लागला’, ‘तीनशे सात, हाफ मर्डर’ असंच बोलतात. ती जुन्या दंड संहितेतली कलमं; 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात खुनाचं कलम 103 आणि खुनाच्या प्रयत्नाचं 109. नव्या संहितेत 302 म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं शब्द उच्चारणे. तेव्हा कट्ट्यावर कुणाला ‘तुझ्यावर तीनशे दोन घालतो’ म्हणाल तर जरा बघून म्हणा.

जुना बुधवार : म्हणजे आता तीनशे दोन बोलण्याचा, आणि मर्डरला एकशे तीन? आमच्या पेठेत हे रुळायला अजून पन्नास वर्षं जातील ओ.