विजापुरात एक दिवस: गोल घुमटाखेरीज काय पाहावे?

प्रश्न: आईवडिलांसह विजापूरला जात आहोत. हाती एकच दिवस असल्याने काय आवर्जून पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: मुहम्मद आदिलशहाची कबर असलेल्या गोल घुमटाला सकाळी दार उघडताच जावे, कारण गर्दी जमली की वरच्या सज्जात नुसता आरडाओरडा ऐकू येतो, शांतता असेल तर भिंतीशी कुजबुजलेले शब्द सुमारे ३८ मीटर दूर, समोरच्या बाजूला स्पष्ट उमटतात. जिना मात्र अरुंद व उभा आहे, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर वडीलधाऱ्यांनी खालीच थांबलेले बरे.

प्रतिसाद २: माझ्या मते खरे सौंदर्य इब्राहिम रोज्यात, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीच्या वास्तूत आहे. तेथील खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अक्षरेच असून, त्यांतून आत झिरपणारा उजेड पाहण्यासाठी निवांत वेळ हवा. दुपार तिथेच घालवावी.

प्रतिसाद ३: वरील मताशी सहमत आहे. परतताना १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ पाहावी. तिच्या तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंह घडवला आहे. बारा कमान या अपुऱ्या राहिलेल्या कबरीच्या वास्तूसाठी अर्धा तास पुरतो.